चार नावं

"ह्या दोन बाया नाहीत. एकच आहे," शालनताई म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बघ की नीट."

मी बघितलं. विम्याच्या पॉलिसीवर नाव होतं सुमन अण्णासो पाटील. दवाखान्याच्या बिलावर सुमन तातोबा चौगुले. मी लिहिलेल्या प्रोग्रामनं दोन्ही नावं ताडून पाहिली होती आणि लाल अक्षरांत निकाल दिला होता : नाव जुळत नाही, कागद परत.

"बापानं लग्नाआधी पॉलिसी काढली असणार. लग्न झालं, नाव बदललं. पॉलिसीवर बदलायचं कुणाच्या ध्यानात राहतंय? आता हे बघ. जन्मतारीख तीच. गाव बदललंय, पण दवाखान्यात भरती करताना सही कुणाची आहे? अ. बा. पाटील. म्हणजे बाप सोबत आलाय. एकच बाई."

"पण हे प्रोग्रामला कसं शिकवू मी?"

"हे नाही शिकवता यायचं." त्यांनी चपातीचा तुकडा आमटीत बुडवला. "एवढं एक माणसानंच बघायला लागतंय."

डब्याची वेळ होती. बाकीच्या जणी पलीकडच्या खोलीत जेवत होत्या, त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. आम्ही दोघी मात्र महिनाभर रोज माझ्या कॉम्प्युटरपुढेच डबा उघडत होतो. ही दोन हजार अकरा सालातली गोष्ट.

मिरजेत दवाखाने फार. त्यांच्याकडून विम्याचे कागद यायचे आणि आम्ही ते कॉम्प्युटरवर भरून पुण्याच्या एका विमा कंपनीच्या एजन्सीला पाठवायचो. औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, बारा बायकांचं. एकच कागद दोघी वेगवेगळ्या टाइप करायच्या आणि तिसरी दोन्ही ताडून बघायची. ही तिसरी म्हणजे शालनताई खोत. तपासणीचं टेबल त्यांचं. सतरा वर्षं टायपिंगच्या क्लासात शिकवलेली बाई. अर्ध्या मिरजेनं बोटं त्यांच्या हाताखाली वळवली होती, मीही. क्लास बंद पडल्यावर त्या ह्या ऑफिसात आल्या आणि मी कॉलेज संपवून घरी बसले तेव्हा त्यांनीच मला इथं चिकटवलं. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, मुलगी नर्सिंगला. पण ह्यातलं काहीही त्या कधी तोंडावर आणायच्या नाहीत.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर झाले होते आणि मला प्रोग्रामर व्हायचं होतं. पुण्याला चार वेळा जाऊन आले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, अनुभव किती? एका ठिकाणी तर टेबलामागच्या माणसानं माझा कागद वाचलाही नाही, "अनुभव?" एवढंच विचारलं, मी नाही म्हटल्यावर कागद डावीकडच्या गठ्ठ्यावर टाकला. उजवीकडे गठ्ठाच नव्हता. शिवाजीनगरच्या स्टँडवर एकजण भेटला, तो तीन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र द्यायला तयार होता. मी घाबरून बसमध्ये बसले. चौथ्या खेपेला एका बाईनं तेवढं नीट सांगितलं, "कॉलेजचे प्रोजेक्ट सगळेच दाखवतात. खरी माणसं रोज वापरतात असं काही केलंयस का? तसं काही असेल तर ये."

वडील एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. नंतर मी ऐकायचा नाही." सांगलीचं एक स्थळ त्यांनी मनात धरलं होतं. मुलाचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्याच्या आईनं आधीच विचारून ठेवलं होतं, मुलगी नोकरी सोडेल ना?

तेव्हा मी आमच्याच कामाचा प्रोग्राम करायला घेतला. पॉलिसीचा नंबर टाकला की बाकीची माहिती आपोआप यावी, बिलातल्या चुका त्यानंच शोधाव्यात. सुरुवातीला तो काही कामाचा नव्हता. चुका म्हणजे नेमक्या काय, हे मला कुठं ठाऊक होतं? ते शालनताईंना ठाऊक होतं.

"ह्या दवाखान्याचा क्लार्क एक आणि सात सारखाच काढतोय," त्या सांगायच्या. "दहाच्या वरची तारीख आली की दोनदा बघायची. त्या पलीकडच्यात महिना आधी लिहितात, दिवस नंतर. अपेंडिक्सला नऊ दिवस ठेवून घेतलंय म्हणजे एकतर दुसरं काहीतरी झालंय, नाहीतर बिल फुगवलंय. बाळंतपणात बाळाचं बिल वेगळं लागतंय, ते हे लोक हटकून विसरतात."

मी वहीत उतरवून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते प्रोग्राममध्ये घालायचे. दोनशे पानी वही भरली. त्यांना हे सगळं कशासाठी ते माहीत होतं. "तुझं पुण्याचं काम होऊ दे बाई एकदा," म्हणायच्या. "मी बोटं शिकवली, तू डोकं चालव."

त्या दिवशी, सुमन पाटीलचा कागद त्यांनी हातानं दुरुस्त करून पुढं पाठवला. मी वहीत लिहिलं : माहेरचं नाव, सासरचं नाव. आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

आठवड्यानं आवटी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. किरण आवटी आमचे मालक. चाळिशीचा माणूस, कधी आवाज चढवायचा नाही, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचा. दोन दिवसांचं काम आदल्या दिवशी दुपारी तीनलाच संपलं होतं आणि ते कसं संपलं, ह्याची त्यांनी चौकशी केली होती.

"बस, स्वरूपा. तुझा प्रोग्राम बघितला मी. पुण्याला फोनही केला. एजन्सीचे साहेब सोमवारी बघायला येतायत. आवडला तर सांगली, कोल्हापूर, सोलापूर, तिन्ही जिल्ह्यांचं काम आपल्याला." मग त्यांनी विचारलं, "तुला काय पाहिजे?"

मी आठ महिने हेच वाक्य घोकत होते. "मला प्रोग्रामर म्हणून काम पाहिजे, सर. तसं पत्र पाहिजे."

ते हसले. प्रिंटरवरून एक कागद उचलून त्यांनी टेबलावर ठेवला. वर ऑफिसचं नाव, खाली माझं. कुमारी स्वरूपा भूपाल मगदूम, पद : प्रोग्रामर. तारखेची आणि सहीची जागा रिकामी होती.

"दोन वर्षं कर. मग पुण्यात कुणी तुला अनुभव विचारायचा नाही. आता मला सांग, हा प्रोग्राम असताना टाइप करायला किती जणी लागतील?"

मी हिशेब मांडला. दुसऱ्यांदा टाइप करायचं नाही, ताडायचं नाही. "चार," मी म्हणाले. आकडा बरोबर आला ह्याचा मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. पुढं काय येणार ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढं केलं. "कोण चार, लिही. तुला काम घ्यायचंय त्यांच्याकडून, तूच ठरव."

"आणि बाकीच्या, सर?"

"बघू त्यांचं. एक महिन्याचा पगार जास्तीचा देणार आहे मी. तू लिही."

मी पहिलं नाव लिहिलं शालन खोत. मग मेहरुन्निसा बागवान, मग दोन नव्या पोरी, वेगानं टाइप करणाऱ्या. सातजणी उरल्या. त्यांची नावं लिहायची नव्हती, त्यामुळे ते सोपं गेलं.

आवटी सरांनी कागद वळवून घेतला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"ह्या काय करतात?"

"तपासणी."

"तपासणी आता कोण करणार?"

"प्रोग्राम. पण सर, त्यांनीच सगळं सांगितलंय मला. त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं."

"ते मी मानतो. पण त्यांचा पगार सगळ्यांत जास्त आहे आणि टायपिंगला त्यांचे डोळे आता साथ देत नाहीत, हे तुलाही माहीत आहे." ते पुढं झुकले. "मी अन्याय करणारा माणूस नाही. त्यांना येतं आणि तुझ्या प्रोग्रामला येत नाही, असं एक सांग. एकच. त्यांचं नाव आहे तिथंच राहील."

मी तोंड उघडलं.

"फक्त एक लक्षात घे," ते तितक्याच शांतपणे म्हणाले. "मग सोमवारी मला पुण्याच्या साहेबांना सांगावं लागेल की प्रोग्राम अजून पुरा झालेला नाही, मागं माणूस बसवावा लागतो. त्यांना मागं माणूस नको आहे. मग हे," त्यांनी पत्राकडे बघितलं, "पुढच्या वर्षी बघू."

बाहेर टायपिंगचा आवाज चालू होता. अकराजणींचा आवाज एकत्र आला की पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखं वाटायचं. मला सुमन पाटील आठवली. तातोबा चौगुले आठवला. वहीतलं प्रश्नचिन्ह तर डोळ्यांसमोर होतं.

"काही नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"प्रोग्रामला सगळं येतं, सर."

त्यांनी पेन घेऊन पहिल्या नावावर रेघ मारली, खोडरबरनं पुसता यावी इतकी हलकी, आणि खाली उरलेल्या सातजणींतल्या विद्या कोरेचं नाव घातलं. मग पत्रावर सही केली. तारीख मला घालायला सांगितली.

सोमवारी पुण्याचे साहेब आले, चहा पिऊन, समाधानानं मान हलवून गेले. शनिवारी जेवायच्या सुट्टीनंतर सातजणींना एकेक करून आत बोलावलं. शालनताई शेवटी गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पाकीट होतं आणि चेहरा नेहमीसारखाच. त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला, चष्म्याचं घर पिशवीत टाकलं.

त्या सातजणींत राजाक्का होती, बेडगची. तिला रडू आवरेना, मग राग आला. सगळ्यांसमोर ती माझ्यावर उलटली. "हिच्यामुळं झालंय. हिनं ते यंत्र केलं. आमच्याच ताटात जेवत होती आणि आमचंच ताट ओढलं!"

"राजाक्का, गप्प," शालनताईंचा आवाज क्लासातल्यासारखा कडक झाला. "पोरीनं शिकून काही केलं तर तिला बोल लावायचा? यंत्र आज ना उद्या येणारच होतं. आणि आत ही आपल्यासाठी भांडली असणार. मी ओळखते हिला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नको. पत्र मिळालं ना? घरी दाखव. वडिलांना म्हणावं, आता स्थळ राहू दे."

मी मान हलवली.

वडिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. सांगलीच्या माणसांना त्यांनी काय कळवलं ते मला कधी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर कागद परत जायला लागले. आधी दहा-बारा, मग टोपलीभर. जवळजवळ सगळे बायकांचे. दवाखाने विचारायचे, परत का पाठवलं? आम्ही कळवायचो, नाव जुळत नाही. ते तेच कागद पुन्हा पाठवायचे आणि प्रोग्राम ते पुन्हा परत करायचा. चौघी टाइप करण्यात बुडालेल्या, बघायला कुणी नव्हतं. मी बघत होते. पण मोठ्यानं बोलायचं तर आधी आवटी सरांना सांगावं लागलं असतं की त्या दिवशी केबिनमध्ये मी खोटं बोलले. मी मनाशी म्हणायचे, काढीन काहीतरी उपाय. उपाय सुचत नव्हता.

जानेवारीत एक माणूस जिना चढून वर आला. पन्नाशीचा, डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. मालगावचा. पिशवीतून त्यानं बहिणीची फाईल काढली.

"दवाखान्यात म्हणाले, कागद ह्या हापिसातनं परत येतोय. तीनदा आला. पॉलिसी आमच्या नावानं, म्हणजे माहेरच्या. तिकडं दवाखान्यात नवऱ्याचं नाव लावलंय. आता बाई एक, नावं दोन, हे कुणाला कळत नाही होय?"

मी फाईल घेतली. दोन मिनिटांचं काम होतं. जन्मतारीख, अंगठा, भावाची सही, सगळं जुळत होतं. मी हातानं दुरुस्ती केली आणि म्हणाले, "झालं. आता परत यायचा नाही. पंधरा दिवसांत पैसे मिळतील. ताई कशा आहेत?"

"गेली," तो म्हणाला. "ऑपरेशन झालं होतं, पुढची इंजेक्शनं राहिली. म्हटलं होतं, विम्याचं आलं की घेऊ." त्यानं पिशवीची घडी घातली. "आता तिला काय उपेग? पण कागद तेवढा नीट होऊ दे म्हणून आलो." दारात थांबून त्यानं आमच्या खोलीभर नजर फिरवली. "इथं बघणारं माणूस कुणी नाही का हो?"

मेहरुन्निसानं टायपिंग थांबवून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्याच दिवशी मी शालनताईंना शोधायला निघाले. त्या घरी नव्हत्या. त्यांच्या मुलीनं पत्ता सांगितला. स्टेशनच्या वाटेवरच्या एका मोठ्या दवाखान्यात त्या कामाला लागल्या होत्या. मला वाटलं ऑफिसात असतील. जिन्याच्या तोंडाशी, निळ्या साडीत, एका स्टुलावर त्या बसल्या होत्या. वर जाणाऱ्या नातेवाइकांचे पास बघायचं काम. पायाला पट्टी बांधलेली होती.

"अगं, स्वरूपा!" त्यांचा चेहरा उजळला. "कशी वाट वाकडी केलीस?"

मी सगळं सांगायचं ठरवून आले होते. केबिन, पेन, ती रेघ, मी म्हटलेले दोन शब्द. रस्ताभर वाक्यं जुळवली होती.

"ताई, ते कागद," मी सुरुवात केली. "माहेरच्या नावांचे. सगळे परत जातायत. एक बाई…"

"जाणारच," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. इथं बसून दुसरं काय करते मी? तोच विचार करत होते. इथंही तेच बघते ना, पासावर एक नाव, वर पेशंटचं एक." त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "हे बघ. नाव सोडून द्यायचं. जन्मतारीख घ्यायची, पॉलिसीत वारस म्हणून कोण लावलाय ते घ्यायचं आणि दवाखान्यात सही कुणाची आहे ते घ्यायचं. जन्मतारीख दोन्हीकडं तीच निघाली आणि सही वारसाचीच असली तर कागद परत पाठवायचा नाही, वेगळा काढायचा. म्हणजे माणसाला बघायला दिवसाला चार-दोनच उरतात. होतंय का बघ तुझ्या प्रोग्रामात? लिहून घे की."

मी पर्समधून पेन काढलं. वही आणली नव्हती, औषधाच्या पावतीमागं लिहिलं. दहा मिनिटांत सगळं झालं. माझ्या तीन महिन्यांत जे सुचलं नव्हतं ते त्यांनी जिन्याशी बसून सोडवलं होतं.

"शिकवता येत नाही म्हणाले होते ना मी?" त्या हसल्या. "येतंय की."

एकजण घाईनं वर चालला होता, त्याला त्यांनी हातानं अडवलं, पास बघितला, सोडला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू? आवटी सर गेल्या महिन्यात इथं आले होते, त्यांच्या सासऱ्याला बघायला. त्यांनी सांगितलं मला. म्हणाले, स्वरूपानं यादीत पहिलं नाव तुमचंच लिहिलं होतं. खरं का गं?"

जिन्यावरून कुणीतरी खाली येत होतं. फिनेलचा वास येत होता. पावती माझ्या हातात होती.

"हो," मी म्हणाले.

"बघ! मी म्हणालेच होते त्या राजाक्काला." त्यांचे डोळे भरून आले. सबंध ओळखीत मी ते पहिल्यांदाच बघितलं. पाठीमागं खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनला त्यांनी हाक मारली. "ओ मामा, ही बघा, आमची स्वरूपा. प्रोग्रामर आहे. माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी."

वॉचमननं माझ्याकडे कौतुकानं बघितलं आणि हात जोडले.

"उभी काय राहिलीस मघापासून?" शालनताई म्हणाल्या. भिंतीचा आधार घेऊन, पट्टीचा पाय सांभाळत त्या उठल्या आणि पदरानं स्टूल पुसलं. "चहा मागवते. बस."

"नको ताई, तुमचा पाय…"

"बस म्हणते ना."

मी बसले.